सातवा महिना: डेक निम्मा झाला

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की इंग्रजी शब्द पाठ करायचा माझा डेक, म्हणजे कार्डांचा संच, २,४०० कार्डांवर गेला. या महिन्याचा आकडा १,१५०. बाकीची मीच उडवली.

झालं असं की एका रविवारी स्वतःचीच परीक्षा घ्यायची लहर आली. अ‍ॅन्की हे ठरावीक अंतराने कार्डं पुन्हा विचारणारं अ‍ॅप ज्या कार्डांना 'मॅच्युअर' म्हणतं, म्हणजे ज्यांच्या दोन उजळण्यांमधलं अंतर २१ दिवस किंवा त्याहून जास्त झालंय, त्यांतली ५० कार्डं काढली. अट एवढीच की अर्थ सांगायचा नाही, शब्द वापरून वाक्य लिहायचं आणि मग शब्दकोशातल्या उदाहरणांशी ताडून बघायचं. ५० पैकी १८ वाक्यं धड निघाली. आणि रोजच्या उजळणीत याच कार्डांवर मी महिनोन् महिने 'गुड', म्हणजे 'आठवलं', दाबत आलोय!

नमुना बघा. 'इनक्लेमेंट'च्या कार्डावर मी अर्थ लिहिला होता 'कठोर, निर्दय'. त्यावरून वाक्य केलं की परीक्षक फार इनक्लेमेंट होते. प्रत्यक्षात हा शब्द आज जवळजवळ फक्त हवामानालाच लागतो. 'मुसळधार थंडी पडलीये' असं कुणी म्हणालं तर आपण हसू की नाही? मुसळधार पावसालाच, कडाका थंडीलाच. तसंच हे. शब्दाचे शेजारी ठाऊक नसतील तर अर्थ पाठ असून उपयोग शून्य.

मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसचा १८८५ सालचा विस्मरणाचा आलेख आपण सगळेच एकमेकांना दाखवत असतो. त्याने तो स्वतःवर प्रयोग करून काढला, आणि पाठांतरासाठी घेतली होती मुद्दाम बनवलेली निरर्थक अक्षरं. माझी एका शब्दाला एक प्रतिशब्द अशी कार्डं जवळपास त्याच जातीची होती. मग ती गळली यात नवल काय.

आता नवा नियम: वाचनात शब्द दोनदा भेटल्याशिवाय कार्ड नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा. रोजची नवी कार्डं १५ वरून ५ वर आणली. पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या कार्डाला अ‍ॅप 'लीच' म्हणतं; त्याची मर्यादा मुळात ८ चुकांची असते, ती ५ केली. उजळणीच्या तारखा ठरवणाऱ्या एफएसआरएस या पद्धतीतलं रिटेन्शन, म्हणजे किती टक्के कार्डं आठवावीत ते लक्ष्य, ९० टक्क्यांवरच आहे, त्याला हात लावला नाही.

छाटणी करताना आणखी एक गंमत कळली. नेहमीच्या इंग्रजी शब्दांची १९५३ ची जनरल सर्व्हिस लिस्ट आणि अभ्यासपर लेखनातल्या शब्दांची २००० साली आलेली अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट, दोन्ही मी 'सोप्या' म्हणून ओलांडल्या होत्या. दुसरीत ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची रूपं) आहेत. सहज चाळली तर 'ऑल्बीइट' (albeit, जरी) आणि 'नॉटविथस्टँडिंग' (असे असूनही) यांवर अडलो. कळत होते, पण स्वतःहून कधी लिहिले नव्हते. शिवाय पहिल्याचा उच्चार मी मनात 'अल्बाइट' करत होतो. 'अराय'ला (awry, वाकडं) 'ऑरी' म्हणणारा मी एकटाच नसेन अशी आशा आहे! नुसत्या वाचनावर वाढलेल्या शब्दसाठ्याचा हा रोग, म्हणून आता प्रत्येक कार्डावर ध्वनिफीत आहे.

फसव्या शब्दांची मात्र वेगळी डेक केली आणि ती सगळ्यात लाडकी आहे. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीवाला. 'रेस्टिव्ह' म्हणजे निवांत नाही, उलट चुळबुळणारा. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्ष, कंटाळलेला नव्हे, निदान काटेकोर लोकांच्या लेखी तरी. आणि 'एनर्व्हेटिंग'. हा शब्द मला महागात पडला. एका ज्येष्ठांच्या व्याख्यानाबद्दल त्यांनाच मेल लिहिला की व्याख्यान फार एनर्व्हेटिंग होतं. मला म्हणायचं होतं स्फूर्तिदायक. लॅटिन 'नर्व्हस' म्हणजे स्नायुबंध. ते काढून घेतल्यासारखं गळून जाणं, हा त्याचा अर्थ. उत्तर आलं एका ओळीचं: 'कळवल्याबद्दल आभार.'

धातूंवरून, म्हणजे शब्दांच्या मुळांवरून, इंग्रजी शब्द शिकावेत का याबद्दल मागे बराच वाद झाला होता, त्यात माझी बाजू थोडी बदललीये. आपल्याला संस्कृतामुळे एक चोरवाट मिळते हे खरं. 'सब्जुगेट' (अंकित करणं) आणि 'कॉन्जुगल' (वैवाहिक) दोन्हींत लॅटिन 'जुगुम' आहे, आणि ते म्हणजे बैलांच्या मानेवरचं आपलं जू. संस्कृत 'युग' आणि इंग्रजी 'योक' याच भावकीतले. एकाला जुवाखाली आणलं, दुसऱ्यात दोघं एका जुवाला जुंपली. विवाहाबद्दल रोमन लोकांचं मत काय असावं ते तुम्हीच ठरवा. हे दोन शब्द मी आता मेलो तरी विसरणार नाही.

पण धातूवरून अर्थ ओळखायला गेलात तर तोंडघशी पडाल. लॅटिन 'ग्रेक्स' म्हणजे कळप. 'ग्रिगेरियस' कळपात रमणारा, 'सेग्रिगेट' कळपातून वेगळं काढणं, इथवर छान. मग 'इग्रीजियस' म्हणजे कळपातून उठून दिसणारा, म्हणजे थोर? एके काळी तसा होताही. आज तो घोर चुकीला लावतात. तेव्हा धातू लक्षात ठेवण्यासाठी, अंदाजासाठी नाही.

महिनाअखेरीस तीच वाक्यांची परीक्षा नव्या ५० कार्डांवर घेतली: ३१. चुकलेल्यांत 'सँग्विन' पुन्हा होताच. तो आशावादी, 'सँग्विनरी' रक्तरंजित, आणि दोघांच्याही मुळाशी रक्त. पाच चुकांनंतर अ‍ॅन्कीने त्याला लीच म्हणून बाजूला काढलं. मी नियम मोडून त्याला परत आणलं. दोनदा.