परदेशी विद्यार्थ्याला खोली द्यावी का?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आसपास, राजेंद्रनगर-सागरमाळपासून राजारामपुरीपर्यंत, ज्यांच्या माडीवर एखादी खोली रिकामी असते त्यांचा प्रवेशाच्या दिवसांतला प्रश्न ठरलेला. ‘बाहेरच्या देशातला पोरगा खोली विचारायला आलाय. द्यावी काय? पोलिसांचं काही लागंल काय मागं?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: ‘ही पोरं इथं राहतात तरी कशी?’ तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं एकत्रच सांगायला हवं, कारण त्या मुलाचे पहिले पंधरा दिवस कसे जाणार हे बरंचसं घरमालकावर ठरतं.

खोली द्या. मागं काही लागत नाही, फक्त सी फॉर्म भरायचा असतो. परदेशी नागरिक तुमच्या छताखाली मुक्कामाला आला, की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची. भाडं घेता की नाही याचा इथं संबंध नाही, पाहुणा म्हणून ठेवला तरी नोंद लागते. अडतं ते असं, की फॉर्म भरण्याआधी घरमालकाला स्वतःचं लॉगिन काढावं लागतं आणि ते मंजूर होऊन यायला वेळ जातो. मुलगा बॅगा घेऊन दारात उभा राहिल्यावर लॉगिन काढायला बसलात तर २४ तास गेलेच समजा. खोली द्यायचं तोंडी ठरलं त्याच दिवशी अर्ज टाकून ठेवावा. पुढं मुलाच्या पासपोर्टची तीन पानं लागतात: फोटोचं, व्हिसाचं आणि विमानतळावर शिक्का मारलेलं. हे तिसरं पान लोक हटकून विसरतात.

या फॉर्मची प्रिंट त्या मुलाला लगेच द्या, त्याचं पुढचं सगळं त्या कागदावर अडलेलं असतं. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यानं भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. अर्ज ऑनलाइनच असतो आणि कोल्हापुरात हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतं. अर्जाला पासपोर्ट, व्हिसा, फोटो, संस्थेचं बोनाफाईड आणि राहत्या पत्त्याचा सी फॉर्म जोडायचा. हे १४ दिवस कोल्हापुरात पोचल्यापासून नव्हे, विमानतळावरच्या शिक्क्यापासून मोजतात. मुंबईत नातलगाकडं चार दिवस काढून, मग महालक्ष्मी एक्स्प्रेसनं इथं येऊन, आठवडाभर लॉजवर राहून खोली शोधणाऱ्याच्या हातात फार दिवस उरत नाहीत. लॉजचा सी फॉर्म लॉजच्या पत्त्याचा, तुमच्या खोलीचा वेगळा. पत्ता बदलला की नोंदही बदलायची. (नेपाळच्या मुलांना व्हिसाच लागत नाही, त्यामुळं त्यांच्यामागं या १४ दिवसांच्या नोंदणीचं झेंगट नाही.)

भाडेकराराचं काय, असं लगेच विचारलं जातं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नेहमीप्रमाणेच करायचा. नुसत्या नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करणारे एजंट आधारवर अंगठा घेतात. या मुलाकडं आधार नसतं, त्यामुळं दुय्यम निबंधक कार्यालयात पासपोर्ट घेऊन समक्ष जायची तयारी ठेवा. आधार परदेशी माणसालाही काढता येतं, पण अर्जाआधीच्या बारा महिन्यांत तो १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. म्हणजे पहिलं सत्र आधारशिवायच.

बँकेत एनआरओ (अनिवासींसाठीचं) खातं उघडतात. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि प्रवेशाचं पत्र एवढ्यावर ते उघडतं, स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यायचा. तो देईपर्यंत परदेशातून १,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम खात्यात येऊ शकत नाही आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि फी एकाच महिन्यात अंगावर येते ती नेमकी याच काळात. डिपॉझिट दोन हप्त्यांत घेतलंत तर बिघडत नाही. गल्लीतल्या छोट्या शाखेत असं खातं फारसं कुणी उघडलेलं नसतं, म्हणून परकीय चलनाचं काम होतं त्या मोठ्या शाखेत जावं. सिमकार्डासाठी कधी कधी ओटीपीला स्थानिक ओळखीच्या माणसाचा नंबर मागतात. तो नंबर बहुधा तुमचाच असेल.

नावाचा घोळ मात्र वर्षानुवर्षं पुरतो. अनेक देशांत आडनाव ही भानगडच नसते, पासपोर्टवर एकच नाव असतं. आपल्याकडच्या फॉर्मला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने. कुणीतरी भल्या मनानं मधल्या रकान्यात वडिलांचं नाव लिहून देतं, ते गुणपत्रिकेवर छापून येतं आणि पदवी घेऊन मायदेशी गेल्यावर पासपोर्टशी जुळत नाही. पहिल्या अर्जापासून सगळीकडं पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं नाव लिहायचं. नाव दुरुस्त करून घ्यायचं तर ते पहिल्या सत्रातच.

एवढं पार पडलं की मग त्यांचा दिवस आपल्या पोरांसारखाच: लेक्चर, झेरॉक्स, खर्डेकर ग्रंथालय, मेस. शिकवणं इंग्रजीत असतं, पण उदाहरण द्यायची वेळ आली की सर हमखास मराठीवर येतात. तेव्हा हात वर करून विचारावं, कुणी रागवत नाही. हजेरीकडं मात्र लक्ष हवं. व्हिसा वाढवताना बोनाफाईड लागतं आणि वर्गात न दिसणाऱ्याला ते देताना विभाग हात आखडता घेतो.

मेसचं गणित समजायला त्यांना महिना लागतो. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी फीस्ट आणि त्या रात्री मेस बंद. रविवारी रात्री उपाशी राहिलेला मुलगा पुढच्या वेळी दुपारीच पार्सल बांधून घेतो. खाडा आधी सांगितला तरच धरतात, तोही सलग काही दिवसांचा असेल तर. तिखटाचं म्हणाल, तर पांढऱ्या रश्श्याच्या रंगावर जाऊ नका असं आधीच सांगा. त्यात नारळाचं दूध असलं तरी मिरी आणि हिरवी मिरची असते. मिसळीला ‘कट वेगळा द्या’ म्हणायला शिकवा. तोंड भाजलं तर पाणी पिऊन आग विझत नाही, कारण मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध द्यावं, आणि दुधाला कोल्हापुरात तोटा नाही. रमजानमध्ये पहाटे कुठलीच मेस उघडत नाही. रात्रीचा भात सकाळपर्यंत उन्हाळ्यात आंबतो. भाकरी, उकडलेली अंडी, खजूर टिकतं. खोलीत इंडक्शन चालेल का, हे खोली देतानाच स्पष्ट बोलावं.

पाऊस हा त्यांना न सांगितलेला विषय. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, कपाटातले बूट बुरसतात. आतली एक दोरी आणि पंखा, एवढी सोय करून दिलीत तरी पुष्कळ.

दोन गोष्टी आपुलकीनंसुद्धा करू नयेत. तुमची गाडी चालवायला देऊ नका. इथं चालणारा परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परमिट नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. आणि ‘आमच्या पोराला जरा इंग्रजी शिकव, महिन्याला काहीतरी देतो’ हे बोलू नका. विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही आणि त्यात त्याचाच व्हिसा धोक्यात येतो.

आपल्याच जातीधर्माचा भाडेकरू हवा म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, तीही मुलांना गावात राहायला जागा मिळत नव्हती म्हणूनच.

खोली सोडताना डिपॉझिट शेवटच्या दिवसावर ठेवू नका. बँक खातं बंद झालं, सिम गेलं, की पैसे पाठवायला मार्गच उरत नाही. आठवडाभर आधी वीजबिल काढून हिशेब मिटवा, रक्कम खात्यावर जमा करा आणि तो गेल्यावर सी फॉर्मच्या लॉगिनमध्ये त्याच्या जाण्याची नोंद टाका.