काउंटर शून्य, फिल्टर भरलेला

सांवेरकडचे एक काका पंचावन्न हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर ट्रॉलीवर लादून इंदूरच्या देवास नाक्यावरच्या आमच्या वर्कशॉपात आले, ते डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बदलायचाच असं ठरवून. दुसऱ्या ठिकाणचं लाखाच्या वरचं कोटेशन त्यांच्या खिशात होतं. तक्रार नेहमीची: पिकअप नाही, रोटावेटर टेकवला की इंजिन बसतं, मीटरमध्ये पिवळी बत्ती होती ती आता लाल झाली. फिल्टर बदलावा लागला नाही. पण त्या गाडीत जे निघालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून नीट मांडून ठेवतो.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. १ जानेवारी २०२३पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम स्टेज ४, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, लागू झाले. त्याखालच्यांना तेव्हा जुना यांत्रिक पंपच चालत राहिला. इतकी मॉडेलं पन्नासला टेकता टेकता का थांबतात, ते यावरून कळेल. पन्नासच्या वर कॉमन रेल (संगणकाच्या हुकमाने, जास्त दाबाने डिझेल सोडणारी पद्धत) आला, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आला आणि सायलेन्सरच्या जागी एक जाडजूड डबा आला. डब्यात पुढे डीओसी, म्हणजे प्लॅटिनम-पॅलेडियमचा थर दिलेली जाळी, आणि मागे डीपीएफ. डीपीएफच्या नळ्या एकाआड एक बुजवलेल्या असतात, त्यामुळे धुराला भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडते. ती साठली की जाळायची. त्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते डीओसीवर पेटतं, डीपीएफच्या तोंडाशी ६०० अंशांच्या आसपास ताप जातो आणि काजळीचा वायू होऊन जातो. याला आम्ही रीजन म्हणतो. राख मात्र जळत नाही. ती इंजिन ऑइलमधून येते आणि फिल्टरातच बसते. ती काढायची वेळ बहुतेक इंजिनांना तीन हजार तासांच्या आसपास येते.

धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मारायला लागते ती युरियाची टाकी या गाडीला नव्हती. तो प्रकार ७५ हॉर्सपॉवरच्या वरच्यांचा. जाता जाता सांगतो, हार्वेस्टरवाले पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून त्या टाकीत ओततात. टाकीत लागतं ते शुद्ध ३२.५ टक्क्यांचं द्रावण, आणि पोत्यातल्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो. दोन हंगामांत इंजेक्टर पांढऱ्या खड्यांनी बंद. सांगून सांगून थकलो.

आता या ट्रॅक्टरकडे. लॅपटॉप लावला. कोड होता डीपीएफचं डिफरन्शियल प्रेशर कमी असल्याचा. कोटेशन देणाऱ्याने त्यातलं ‘डीपीएफ’ एवढंच वाचलं असावं. कोड भरलेल्या फिल्टरचा नव्हता, उलट सांगत होता: फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात फरकच दिसत नाही, जणू डबा पोकळ आहे. काजळीचा आकडा होता ३८ टक्के. चावी चालू, इंजिन बंद, तेव्हा प्रेशर शून्य; तसंच हवं. इंजिन चालू करून पूर्ण रेस दिली, तरी शून्यच. इथे गोम होती. कोरा करकरीत फिल्टर असला तरी दोन हजारांच्या वर आरपीएमला वायू थोडा तरी अडतोच. अजिबात अडत नाही म्हणजे एकतर आतला गाभा फुटलाय, नाहीतर सेन्सरपर्यंत दाब पोचतच नाहीये.

सेन्सरला दोन नळ्या जातात, एक डीपीएफच्या आधीची आणि एक नंतरची. दोन्ही डब्याकडून लोखंडी आणि वर सेन्सरपाशी सिलिकॉनच्या. त्या सेन्सरकडे सतत चढत्या असाव्या लागतात, म्हणजे आत साचलेलं पाणी डब्याकडे परत जातं. मधे झोल राहिला तर पाणी साचून सेन्सर मरतो. इथे डीपीएफच्या आधीच्या बाजूची नळी सिलिकॉनची नव्हतीच. कोणीतरी फवारणी पंपाची हिरवी पारदर्शक नळी कापून, वर तार पिळून बसवली होती. मूळची उंदराने कुरतडली असणार, शेजारच्या वायरिंगवर दात होतेच. हिरवी नळी डब्याच्या धगीने मऊ पडून मधोमध चपटी झाली होती, उसाच्या चिपाडासारखी. दाब तिथेच थांबत होता. नवी सिलिकॉनची नळी लावून पुन्हा पूर्ण रेस दिली: २४ किलोपास्कल. या इंजिनाला स्वच्छ फिल्टरवर दोन-तीनच्या वर दिसायला नको.

म्हणजे फिल्टर गच्च भरलेला होता. मग ईसीयू ३८ टक्के का सांगतोय?

ईसीयू काजळी दोन वाटांनी मोजतो. एक हे प्रेशर. दुसरा हिशेब: किती डिझेल जाळलं, कुठल्या लोडवर, ताप किती होता, यावरून तो अंदाजाची बेरीज करत जातो. प्रेशर गेलं तरी हिशेब चालू राहतो, तेव्हा तो शंभरीला टेकायला हवा होता. म्हणून सर्व्हिसची नोंद उघडली. ६१२ तासांवर नोंद होती: ‘फिल्टर बदलला’. मीटर आज ७९० दाखवत होता. काका म्हणाले, “बदललाय कुठे? बदलला असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?” डब्याकडे पाहिलं. क्लॅम्पच्या नटांवर कारखान्याची रंगाची खूण अखंड, नटाला पाना लागल्याची चरसुद्धा नाही, डब्यावरचा नंबर मूळचाच. तो डबा जन्मापासून कोणी उघडलेला नव्हता.

काय झालं ते उघड आहे. पिवळी बत्ती लागली, गाडी कोणाकडे तरी गेली, त्याने टूल लावून ‘फिल्टर बदलला’वर बोट ठेवलं. काजळीचा काउंटर शून्य, बत्ती गेली, पैसे घेतले, गाडी रवाना. ईसीयूने ते खरं मानलं आणि अर्ध्याहून जास्त भरलेल्या फिल्टरवर शून्यापासून मोजायला सुरुवात केली. खोटं पकडायला उरलं होतं ते प्रेशर, आणि त्याच्या वाटेत फवारणीची नळी. आठशे-हजाराची स्वस्त टूलं बाजारात आल्यापासून कोड पुसण्यालाच दुरुस्ती म्हणायची पद्धत पडली आहे. गिऱ्हाइकालाही तेच आवडतं, बत्ती गेली की तो खूश.

मला खटकतंय ते वेगळं. आमच्या हाताखालचा मुलगा म्हणाला, “दादा, फोर्स रीजन मारू का?” म्हणजे लॅपटॉपवरून हुकूम देऊन जबरदस्तीने रीजन करायचं, आणि लॅपटॉप परवानगी देत होता. काजळी मर्यादेबाहेर गेली की ईसीयू रीजनला कुलूप लावतो, कारण इतकी काजळी एकदम पेटली तर ताप हाताबाहेर जातो आणि फिल्टरचा गाभा तडकतो किंवा वितळतो. इथे त्याच्या हिशेबी ३८ टक्केच, म्हणून कुलूप उघडं. नळी न बघता कोणी बटण दाबलं असतं, तर कोटेशन खरं ठरलं असतं. आणि हे काम कोणी घरी, गोठ्याशेजारी, सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगापाशी केलं असतं तर नुसत्या फिल्टरवर भागलं नसतं.

डबा उतरवला. तापमानाचे सेन्सर अशा वेळी आट्यांत जाम होतात. वायर धरून पिळायचे नाहीत. गंजाचं तेल मारून थांबायचं, डबा थोडा कोमट करायचा आणि फाकेचा सॉकेट वापरायचा. गॅस्केट नवीनच. डब्यावर वायूच्या दिशेचा बाण असतो, तो खडूने गडद केला. उलटा बसवलेला डबाही पाहिलेला आहे. मग टॉर्च मारला. मागचं तोंड फिकट राखाडी, काळा ठिपका नाही, म्हणजे गाभा शाबूत. मागे काळं दिसलं असतं तर पुढचं सगळं व्यर्थ. पुढच्या डीओसीचं तोंड मात्र डांबर फासल्यासारखं ओलसर काळं, निम्मी भोकं बुजलेली.

याचं कारण गाडीच्या कामात होतं. गव्हाच्या ओलितासाठी हा ट्रॅक्टर पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) सात हॉर्सपॉवरचा पंप ओढत रात्र-रात्र उभा असायचा. पंचावन्नच्या इंजिनाला सातचं काम म्हणजे धूर दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या वर जातच नाही. डीओसीवर जास्तीचं डिझेल पेटायला अडीचशेच्या वर ताप लागतो. तो नाही म्हणून डिझेल नुसतंच ओलं होऊन तिथे काजळीत मुरतं. नोंदीत रीजन ‘सुरू – अपूर्ण’ अशा ओळीच ओळी होत्या. काही तापाअभावी सुटलेली, काही ड्रायव्हरने चावी फिरवून बंद केलेली. त्याला विचारलं तर म्हणाला, आपोआप रेस वाढते, करपल्याचा वास येतो, भीती वाटते. त्याचं काय चुकलं? डिलिव्हरीला हार घातला, पेढे वाटले, फोटो काढले. त्या बत्तीचा अर्थ कोणी सांगितला नाही. पुस्तिका सीटखाली पॉलिथिनमध्ये जशीच्या तशी होती.

अपुऱ्या रीजनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं, बोटावर पातळ आणि डिझेलचा वास. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे लोक आहेत. हे ऑइल बेअरिंगला धरत नाही, आणि फार वाढलं तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेत ओढलं जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं. मग चावीने बंद होत नाही.

डीपीएफ आणि डीओसी वेगळे करून भट्टीत. आधी वजन, तेही कोमट असताना, कारण गार सिरॅमिक हवेतली ओल पितं आणि ग्रॅमचा हिशेब बिघडतो. ताप हळूहळू ६००पर्यंत, काही तास तिथेच, आणि भट्टी न उघडता रात्रभर गार होऊ द्यायचं. मग बंद पेटीत, व्हॅक्यूम लावून, मागच्या तोंडाकडून पुढे हवा मारायची, तोंडाला मास्क. पाण्याचा प्रेशर नाही, ॲसिड नाही, कॉस्टिक नाही. ॲसिडने धुतलेला डीओसी चकाचक दिसतो आणि पुन्हा कधीच पेटत नाही, कारण थर धुऊन गेलेला असतो. पुन्हा वजन केलं: ४१ ग्रॅम काजळी गेली. या आकाराच्या फिल्टरला वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ देत नाहीत. राख जेमतेम निघाली.

जोडणी झाल्यावर काउंटर शून्य केला, यावेळी खरोखर. गाडी आवारातल्या सिमेंटवर घेतली, आजूबाजूला गवताची काडी नाही. पाण्याचा ताप ७०च्या वर, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, लिफ्ट खाली, आणि मग फोर्स रीजन. स्क्रीनवर दोनच आकडे बघायचे: डीओसीच्या आधी २९०, डीपीएफच्या तोंडाशी ६००. मधला तीनशेचा फरक म्हणजे डीओसी जिवंत. मेलेला असता तर दुसरा आकडा पहिल्याच्याच आसपास घोटाळला असता. पंचवीसएक मिनिटांत रीजन पूर्ण, पूर्ण रेसला २.६ किलोपास्कल. ऑइल-फिल्टर बदलले ते रीजननंतर. आधी बदललं की नव्या ऑइलमध्ये पुन्हा डिझेल. आणि ऑइल कमी राखेचं, सीके-४ दर्जाचं, सल्फेटेड ॲश १ टक्क्याच्या आतलं. पूर्वीच्या ट्रॅक्टरांचं स्वस्त २०डब्ल्यू-४० इथे ओतलं की तीन हजार तासांची राख निम्म्यात बसते.

काकांनी विचारलंच, “हे काढूनच टाकलं तर? पुढच्या गावात काढून देतात म्हणे.” देतात. आतला गाभा फोडून डबा पोकळ करतात आणि ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये ते बसत नाही, वॉरंटी जाते, आणि पुढे इंजेक्टर गळाला तरी कळत नाही. आम्ही करत नाही.

मी सांगितलं ते इतकंच: पंप त्या जुन्या पस्तीसच्या ट्रॅक्टरवर लावा, तो शेडमध्ये उभाच आहे. याच्यावरच लावायचा असेल तर रात्रीच्या पंपानंतर सकाळी अर्धा तास रोटावेटर किंवा भरलेली ट्रॉली, १८००च्या वर. पिवळी बत्ती लागली की मोकळ्या जागेत उभं करून रीजन पुरतं होऊ द्या, मधे चावी नको. गव्हाच्या नरवाईत (कापणीनंतरच्या धसकटांत) किंवा भुसा मशीनवर असताना रीजन रोखायचं बटण जरूर दाबा, पण शेताबाहेर आल्यावर सोडा. काका म्हणाले, जुना डिझेल फार पितो. म्हणजे पंप यावरच लागणार, आणि पुढच्या ओलितात गाडी परत दिसणार.

फिल्टरपेक्षा मला नोंदीचा घोर आहे. ६१२ तासांवरचं ‘फिल्टर बदलला’ ईसीयूतून पुसता येत नाही. आमची ‘साफ केला’ ही नोंद त्याखाली आहे. उद्या वॉरंटीत काही निघालं तर कंपनीचा माणूस हेच वाचणार आणि विचारणार, पहिला फिल्टर कुठाय, कोणाच्या परवानगीने बदलला? जॉब कार्डावर अशा गोष्टीला रकानाच नाही. मी नटांवरच्या खुणांचे आणि डब्याच्या नंबराचे फोटो डबा उतरवण्याआधीच काढले होते. ते छापून, तास आणि दोन्ही वजनं घालून, काकांच्या सर्व्हिस बुकात चिकटवले आणि खाली शिक्का मारला. वॉरंटीवाले तो कागद मानतील की नाही, ते गाडी त्यांच्याकडे गेल्यावरच कळेल.