उसाची ट्रॉली रिग्ज ऑफ रॉड्समध्ये जागेवरच का फुटते?

गाळप हंगामात सोलापूर-पंढरपूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. खड्ड्यातून जाताना मागची ट्रॉली हेलकावते, चासी पिळवटते. बहुतेक गेममध्ये हे दिसत नाही, कारण तिथे गाडी म्हणजे एक कडक ठोकळा असतो. रिग्ज ऑफ रॉड्समध्ये ते दिसतं. पिएर-मिशेल रिकॉर्देल यांचा हा गेम २००५ साली आला, २००९ पासून तो मुक्तस्रोत आहे, आणि त्यातली गाडी ही नोटपॅडमध्ये उघडणारी साधी टेक्स्ट फाइल असते, म्हणून ट्रॉली स्वतःच बनवता येते.

त्या फाइलमध्ये नोड म्हणजे वजन असलेले बिंदू आणि बीम म्हणजे त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा. हौद्याच्या प्रत्येक बाजूला तिरके बीम टाकाच. मांडवाच्या बांबूंना तिरकी बांधणी नसेल तर तो जसा एका बाजूला कलतो, तसाच हौदा कलतो.

खरी अडचण वजनात आहे. समजा ग्लोबल्समध्ये, म्हणजे फाइलमधल्या एकूण वजनाच्या भागात, रिकाम्या ट्रॉलीचं वजन २००० किलो लिहिलं आणि नोड ६० आहेत. एका नोडचं किमान वजन, म्हणजे मिनिमास, मुळात ५० किलो असतं. म्हणजे ट्रॉली गुपचूप किमान ३००० किलोची होते आणि चढावर ट्रॅक्टर दम टाकतो. मग मिनिमास २० केला जातो, आणि ट्रॉली मैदानात उतरताच थरथरून फुटते.

कारण असं: गेम सेकंदाला २००० वेळा हिशोब करतो, म्हणजे एक पायरी ०.०००५ सेकंदाची. बीमचं मूळ डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे विरवण्याचा जोर, १२,००० आणि स्प्रिंग, म्हणजे बीमचा कडकपणा, ९०,००,०००. एका नोडला ८ बीम असतील तर १२,००० × ८ × ०.०००५ भागिले २० किलो, उत्तर २.४. हा आकडा २ च्या वर गेला की प्रत्येक पायरीला धक्का विरण्याऐवजी वाढतच जातो. हिशोब ढोबळ आहे, पण कामाला पुरतो. उत्तर १ च्या खाली ठेवा. डॅम्पिंग ३,००० आणि स्प्रिंग ४०,००,००० केली की ते ०.६ येतं आणि ट्रॉली शांत उभी राहते. हे आकडे सेट बीम डिफॉल्ट्सच्या ओळीत लिहायचे, बीम्सच्या यादीच्या आधी. यादीनंतर लिहिलेली ओळ वरच्या बीमना लागत नाही.

त्याच ओळीतला तिसरा आकडा वाकण्याचा, चौथा तुटण्याचा. मूळचे ४,००,००० आणि १०,००,००० न्यूटन म्हणजे जवळपास ४० आणि १०० टनांचा जोर. फळ्यांना तो फारच जास्त होतो, भिंतीला धडकूनही त्या सरळच राहतात. फळ्यांच्या बीमपुरतं दोन्ही कमी करा, चासीचं तसंच राहू द्या. तुटण्याचा आकडा वाकण्याच्या आकड्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर फळी न वाकता थेट तुटते.

चाकांच्या ओळीत पहिल्या नोडचा झेड आकडा, म्हणजे गाडीच्या रुंदीतली जागा, दुसऱ्यापेक्षा लहान हवा. के दाबलं की सांगाडा दिसतो, कुठला कोपरा आधी थरथरतो ते त्यात पकडता येतं. एका वेळी एकच आकडा बदला.

जोडणीसाठी ट्रॅक्टरच्या हुकाच्या नोडला एच हा पर्याय द्या आणि एल दाबा. हुक जवळ असेल तो नोड धरतो. म्हणून ट्रॉलीच्या दांडीचं टोक पुढे काढा. दांडी आखूड असेल तर हुक हौद्याचा कोपरा पकडतो आणि पहिल्याच वळणावर ट्रॉली आडवी होते.