फेझंटचा सीझन तारखेवर नाही, मक्याच्या मॉइश्चरवर चालतो

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात ऑक्टोबरचा तिसरा शनिवार म्हणजे जवळजवळ सणच असतो. पेट्रोल पंपावर, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर, मोटेलच्या पाटीवर सगळीकडं 'वेलकम हंटर्स', सू फॉल्सच्या एअरपोर्टवर बंदुकीच्या लांब पेट्या घेऊन उतरणारी माणसं आणि पार्किंगमधे प्रत्येक दुसऱ्या पिकअपमधून भुंकणारी कुत्री. त्या दिवशी सकाळी दहाला फेझंटच्या (कोंबड्याच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी) शिकारीचा सीझन उघडतो तो ३१ जानेवारीपर्यंत. मारायचे फक्त नर, माणशी दिवसाला तीन, मादीला हात लावायचा नाही. पक्षी मूळचा चीनकडचा, इथं १९०८-०९ च्या आसपास रेडफील्ड गावाच्या बाजूला सोडला, १९१९ ला स्पिंक काउंटीत एका दिवसाचा पहिला सीझन झाला आणि १९४३ ला तर त्याला राज्यपक्षीच करून टाकलं. परदेशातून येऊन इतक्या लवकर इथला झालेला दुसरा कोणी मला तरी माहिती नाही, आमच्या ग्रीन कार्डला त्याच्याहून जास्त वेळ लागतो.

आता गंमत अशी की ही तारीख कॅलेंडरवर पक्की असली तरी मक्याला ती कोणी सांगितलेली नसते. ऑक्टोबरच्या मधे नेहमीच्या वर्षात इथं सोयाबीन बरंचसं निघालेलं असतं आणि मका निम्म्याहून जास्त उभा. आणि उभा म्हणजे आपल्याकडं विहिरीच्या कडेला दोन एकर असतो तसा नाही, इथं एक क्वार्टर म्हणजे १६० एकर, असे चार जोडले की मैलभर लांब मैलभर रुंद सेक्शन, आणि त्यात डोक्याच्या वर गेलेला, वाळून खडखड वाजणारा मका. फेझंटला आत बसल्या जागी खायला दाणे, वरून घारी-ससाण्यांना दिसत नाही असा आडोसा, आणि पळायला तीस-तीस इंचाच्या मोकळ्या सऱ्या, मग तो बाहेर कशाला येईल? विमानाचं तिकीट काढून, मोटेलला दुप्पट पैसे देऊन आलेली मंडळी बाजूच्या गवतातून दिवसभर चालत राहतात आणि संध्याकाळी म्हणतात यंदा पक्षीच नाहीत. पक्षी असतात हो, शंभर पावलांवर मक्यात चरत असतात.

फेझंटबद्दल अजून एक, तो उडायच्या आधी पळतो, जमेल तोवर पळतच राहतो. म्हणून इथं माणसं आडवी रांग करून शेताच्या एका टोकाकडून चालत येतात आणि दुसऱ्या टोकाला दोन-चार जण नुसते उभे राहतात, म्हणजे पळत पळत टोकाला आलेल्या पक्ष्याला पुढं जागा उरत नाही आणि तो नाइलाजानं उडतो. कापलेल्या शेताच्या कडेच्या अरुंद पट्ट्यात हे छान चालतं. १६० एकर उभ्या मक्यात शिरलात तर शेजारचा माणूस दहा फुटांवर दिसत नाही, आवाजानं काही कळत नाही कारण पाचटच एवढं वाजतं, आणि हातात भरलेली बंदूक. आम्ही ज्यांच्या शेतावर जातो ते काका (काका मीच म्हणतो, त्यांना वाटतं हे माझ्या भाषेतलं 'सर' आहे) उभ्या मक्यात कोणाला पाऊल टाकू देत नाहीत. एक कारण हे धोक्याचं, दुसरं साधं शेतकऱ्याचं, वाळलेल्या ताटाला धक्का लागला की कणीस गळतं आणि खाली पडलेलं कणीस कंबाईन (कापणी-मळणीचं मोठं मशीन) उचलत नाही. परभणीच्या शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही, पण मिनियापोलिसहून आलेल्या वकिलाला लागतं.

खरं बघण्यासारखं दृश्य मका काढणीच्या शेवटच्या फेऱ्यांचं असतं. कंबाईन कडेनं कापत कापत आत येतं, पक्षी आवाजापासून लांब सरकत मधल्या उरलेल्या पट्ट्यात गोळा होत जातात, पट्टा वीस ओळींचा होतो, मग बारा, मग आठ, आणि शेवटच्या फेरीत एकदम तीस-चाळीस पक्षी फडफडाट करत बाहेर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बंदूक गाडीतच होती आणि त्याचं काही वाटलं नाही. आपल्याकडं हे वेगळ्या रूपात सगळ्यांना माहिती आहे. ज्वारी सोंगताना शेवटच्या वाफ्यात ससा नाहीतर लावे निघतात आणि पोरं ओरडत धावतात. जुन्नरच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, तेही हेच, उभं पीक हे जनावराचं घर आणि कोयता लागला की घर गेलं. (भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, तेव्हा हे वाचून सुट्टीत गावाकडं तित्तराच्या मागं लागू नका.)

मग शेतकरी मका लवकर का काढत नाही, असं शहरातला शिकारी दर वर्षी विचारतो. तर मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा. ज्यांनी आडतीवर सोयाबीन घातलंय त्यांना ते मॉइश्चरचं छोटं मशीन आणि त्याच्यावरून होणारी कटती चांगलीच आठवत असेल, इथंही तेच मशीन, फक्त मोठं. मका पक्व होतो तेव्हा दाण्यात ३०-३५ टक्के पाणी असतं, आणि साठवायचा तर १५ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. मधला फरक एकतर ऊन-वारा फुकट काढून देतो नाहीतर ड्रायरमधे प्रोपेन गॅस जाळून काढावा लागतो. त्यामुळं काका रोज दोन-चार कणसं खुडून आणतात, दाणे मशीनमधे टाकतात, प्रोपेनचा भाव बघतात, आकाशाकडं बघतात आणि म्हणतात अजून चार दिवस थांबू. त्यात सोयाबीन आधी काढायचं असतं, कारण शेंगा फुटल्या की सगळं जमिनीवर. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी आठवडाभर पाऊस लागला तर सोयाबीन मागं पडतं, सोयाबीनमुळं मका मागं पडतो, आणि मक्यामुळं तुमचा ओपनिंग डे. या सगळ्या हिशोबात फेझंट कुठंच नाही आणि का असावा, बुशेलभर मका म्हणजे २५ किलो, असे हजारो बुशेल शेतात उभे असताना कोण पाहुण्यांच्या तीन पक्ष्यांचा विचार करेल.

२०१९ हे याचं टोक. त्या वर्षी वसंतात पाऊस थांबलाच नाही, साउथ डकोटात जवळजवळ ४० लाख एकरांवर पेरणीच होऊ शकली नाही, जी झाली ती उशिरा. ऑक्टोबरात पुन्हा पाऊस, बर्फ, चिखल, कंबाईन रुतायला लागली. ड्रायरसाठी सगळ्यांनी एकाच वेळी प्रोपेन मागितल्यावर मिडवेस्टात प्रोपेनचाच तुटवडा झाला. नोव्हेंबरच्या शेवटचं थँक्सगिव्हिंग झालं तरी मका उभा, काहींचा तर पुढच्या वर्षात गेला. ओपनिंगला आलेले लोक वैतागून गेले आणि रेस्टॉरंटमधे बसून सीझन गेला म्हणाले.

त्याच्या उलट २०१२. मोठा दुष्काळ, मका उन्हानं करपून आधीच वाळला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेक रानं मोकळी झाली होती. ओपनिंगसाठी याहून सोपी परिस्थिती नसते, पक्ष्यांना लपायला जागाच नाही, जे काही गवताचे तुकडे उरलेत त्यात सगळे. आणि ते गवतही कमी, कारण दुष्काळात चारा नाही म्हणून पडीक गवतावर गुरं सोडायला, कापायला परवानगी दिलेली. पुढच्या वर्षी २०१३ च्या ऑगस्टमधे राज्याच्या पक्षीगणतीत आकडा ६४ टक्क्यांनी खाली आला. एकट्या काढणीनं तसं झालं असं मी म्हणत नाही, दुष्काळ होता, २०१३ चा वसंत थंड आणि ओला होता, आणि मक्याला भाव आल्यावर लोकांनी वर्षानुवर्षं राखलेलं गवत मोडून पेरायला सुरवात केली होती, पण घबराट एवढी झाली की गव्हर्नरनं डिसेंबरात ह्युरनला फेझंटसाठी खास परिषद बोलावली. राज्याचा गव्हर्नर कोंबड्यासाठी परिषद घेतो हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली इकडं कापसासाठी घेत नाहीत.

तर माझं म्हणणं हे आहे, आणि ओपनिंगवाल्या मंडळींना ते पटत नाही. उशिराच्या काढणीला शिकारी वाईट म्हणतो पण पक्ष्याला ती बरी पडते. ऑक्टोबरात वाचलेला नर काही हवेत विरून जात नाही, तो नोव्हेंबर-डिसेंबरात तिथंच असतो. आणि उशीर झाला की अजून एक गोष्ट होते जी लोक विसरतात. मका लवकर निघाला तर शेतकऱ्याच्या हातात वेळ असतो, लगेच नांगरटीची अवजारं बाहेर येतात, जमिनीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली गेलं की जमिनीत खताचा अमोनिया सोडणं सुरू होतं, आणि धसकटं, सांडलेले दाणे सगळं मातीआड जाऊन रान काळंभोर. उशीर झाला तर जमीन गोठते, नांगर लागत नाही, आणि धसकटं दाण्यांसकट वसंतापर्यंत तशीच राहतात. बर्फात पक्ष्याला तेवढाच आधार.

रान मोकळं झालं की पक्ष्याचा दिनक्रम वाचता येतो ही मजा वेगळीच. रात्र गवतात काढायची, सकाळी धसकटात दाणे टिपायचे, दुपारी आडोशाला बसायचं, मग परत चरायला आणि अंधार पडायच्या आत परत गवतात. मका उभा असताना हे सगळं एकाच छताखाली होतं त्यामुळं त्याला कुठं जा-ये करायचीच गरज नसते. बर्फ पडला की ते पाणकणसांच्या दलदलीत आणि झाडांच्या ओळींच्या आडोशाला जमतात, आणि डिसेंबरात ती दलदल गोठलेली असते म्हणून माणसाला आत चालता येतं, ऑक्टोबरात तिथं गुडघ्यापर्यंत पाणी असतं. थंडी मात्र जीवघेणी, पापण्यांवर बर्फ साठतं, तीन मोजे घालूनही पाय आपले वाटत नाहीत. बायको म्हणते घरात वरणभात असताना हे कशाला. बरोबर आहे तिचं.

पण पक्षी कुठं दिसतील हे जरी ऑक्टोबरची काढणी ठरवत असली तरी किती असतील हे ठरतं जूनमधे, वेगळ्याच कापणीनं. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास, त्याची पहिली कापणी इथं जूनच्या सुरवातीला येते आणि नेमकी तेव्हाच मादी अंड्यांवर बसलेली असते, २३ दिवस. ती मशीन जवळ आलं तरी उठत नाही, घट्ट बसून राहते, पुढचं सांगायला नको. अंडी गेली आणि मादी वाचली तर परत घालते पण कमी, आणि ती पिल्लं उशिरा होतात, मग ऑक्टोबरात त्या नरांना पूर्ण रंगच आलेला नसतो, उडताना नर की मादी ओळखू येत नाही आणि शहाणा माणूस बंदूक खाली घेतो. हिवाळी गहू त्यापेक्षा बरा, तो जुलैच्या मध्यापासून पुढं निघतो तोवर पिल्लं पळायला लागलेली असतात. म्हणूनच मिसुरी नदीच्या पूर्वेला हायवेच्या कडेच्या चारीतलं गवतसुद्धा १० जुलैच्या आत कापू देत नाहीत. चारीतल्या गवतात काय असणार असं वाटेल, पण सेक्शनच्या सेक्शन पेरलेल्या मुलखात तेवढंच जुनं गवत उरलेलं असतं.

कोणाला यायचं असेल तर थोडं कामाचं सांगतो. काढणीच्या दिवसांत शेतकऱ्याला दुपारी फोन करून शेतावर येऊ का विचारू नका, तो कंबाईनमधे असतो आणि उत्तर नाहीच येणार, पाऊस पडलेल्या दिवशी विचारा, त्या दिवशी त्याला गप्पा मारायला वेळ असतो. शेतात शिरायच्या वाटेवर गाडी लावू नका, धान्याचे ट्रक तिथूनच वळतात. वाळलेल्या गवतावर तर अजिबात नाही, सायलेन्सर तापलेला असतो आणि वारा इथं कायमचाच.

आयोवाचा सीझन ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो, कॅन्ससचा नोव्हेंबरच्या दुसऱ्या, तोवर तिकडं रानं बरीच मोकळी झालेली असतात त्यामुळं घाई असलेल्यांनी तिकडं जावं. साउथ डकोटाचं बाहेरच्या माणसाचं लायसन्स पाच-पाच दिवसांचे दोन तुकडे देतं, बहुतेक जण दोन्ही ऑक्टोबरातच उडवून टाकतात. पहिला तुकडा हवा तर ओपनिंगच्या जत्रेला वापरा, दुसरा आत्ता बुक करू नका, नोव्हेंबरात इकडच्या कोणाला तरी फोन करून मका निघाला का विचारा आणि मग तिकीट काढा.