डाल्टन हायवेवर ट्रेलर: टवके कुठे उडतात, कसे भरायचे

फेअरबँक्सहून उत्तरेला साधारण ८४ मैलांवर डाल्टन हायवे सुरू होतो. अलास्कातला हा ४१४ मैलांचा रस्ता १९७४ साली तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधला, आणि आजही तो मालट्रकवाल्यांचाच आहे. आपण जातो ते पाहुणे. ही खेप कोल्डफूट या वाटेवरच्या थांब्यापर्यंतची, म्हणजे १७५ मैल आत आणि तेवढंच परत. मागे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर. मध्येमध्ये डांबर लागतं, बाकी खडी आणि चिखल.

समोरच्या ट्रकला सगळे शिव्या देतात. त्याच्या दगडाने फार तर काच तडकते. ट्रेलरच्या तोंडाचा खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा फोडते ती आपल्याच गाडीच्या मागच्या चाकांची खडी. तीच उलटी उसळून गाडीची मागची काचही घेते. म्हणून खडीवर ताशी ३०-३५ मैलांच्या वर जाऊ नका. वेग दुप्पट झाला की मार चौपट बसतो. ट्रक दिसला की उजवीकडे सरका आणि वेग आणखी उतरवा.

गाडीच्या मागे पूर्ण रुंदीचा रबरी मडफ्लॅप हवाच. जमिनीपासूनचं अंतर ट्रेलर जोडल्यावर मोजा, कारण भाराने गाडीचं बूड बसतं आणि रिकाम्या गाडीवर बेतलेला फ्लॅप घासायला लागतो. रिव्हर्स घेताना तो चाकाखाली येऊन फाटतो. सायलेन्सरचं तोंड त्याच्यावर रोखलेलं असेल तर रबर वितळतं. तिथे कापून जागा करा.

ट्रेलरच्या तोंडाला फोमची चादर, वर पोकळ प्लॅस्टिकचा बोर्ड, आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद. गॅस सिलिंडरच्या झाकणाची हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. नुसती ताडपत्री बांधणं सगळ्यात वाईट: आत धूळ शिरते, कापड दिवसभर फडफडतं, आणि संध्याकाळी सोडून पाहावं तर रंगावर पॉलिश पेपर फिरवल्यासारखा मंद पट्टा. टवका एकवेळ भरता येतो, हा पट्टा पूर्ण पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

परत आल्यावर रंगाच्या बाटलीला हात लावण्याआधी ट्रेलर धुवा. धूळ बसावी म्हणून या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. ते हवेतली ओल ओढतं, त्यामुळे टवक्यात बसलेला चिखल गंजाला खतपाणीच घालतो. भरपूर गोडं पाणी, आणि गाडीचं बूडही. क्षार आत राहिला तर वरून कितीही चांगला रंग द्या, काही महिन्यांत फोड येतात.

मग टवक्याच्या कडेवर नख फिरवा. नख अडकत नसेल तर पॉलिशने भागतं. धातू दिसत असेल तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा उतरती करा. उभी कड ठेवली की नवा रंग तिथूनच सुटतो. अॅल्युमिनियमवर स्टील वूल वापरू नका, लोखंडाचे कण रुततात आणि डाग धरतात. अल्कोहोलने पुसा, पुन्हा बोट लावू नका. अॅल्युमिनियमला एचिंग प्रायमर (आम्लाने धातूला पकड घेणारा), कारण साधा प्रायमर त्यावर पकडत नाही. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या लोखंडी त्रिकोणाला गंज खरवडून झिंकचा प्रायमर. रंगाचे तीन पातळ हात, मध्ये १५-२० मिनिटं. एकच जाड हात ओघळतो आणि आत ओला राहतो. पारा १० अंशांच्या खाली असेल तर थांबा; अलास्कात ऑगस्टच्या सकाळीही ही वेळ येते.

फायबरग्लासच्या तोंडाला हा रंग नाही, जेलकोट (फायबरग्लासवरचा रंगीत रेझिनचा थर) लागतो. त्यात हार्डनर डब्यावर लिहिलाय तेवढाच, सहसा १ ते २ टक्के. भरल्यावर वर प्लॅस्टिकची फिल्म दाबून ठेवा. हवा लागली तर वरचा थर चिकटच राहतो.

पारदर्शक संरक्षक फिल्म लावायची असेल तर नवा रंग महिनाभर मुरू द्या. घाई केली तर फिल्म काढताना रंगाचा पापुद्राही सोबत निघतो.