बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर मोजा: माझा अनुभव

सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, रिले नुसती टकटक करते आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर जातो. पण बॅटरी उतरली म्हणजे बॅटरी गेली असे नाही. तिला पुरेसा चार्ज मिळाला नसेल, रात्रभर कुणीतरी तिच्यातून करंट ओढला असेल, किंवा तिला चार्ज धरूनच ठेवता येत नसेल. माझ्या गाडीत ही तिन्ही कारणे एकत्र निघाली आणि मुळाशी होता अल्टरनेटरमधला, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातला, एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). नुसती नवी बॅटरी बसवली असती तर तीही काही दिवसांत आडवी झाली असती.

सुरुवात साध्या मल्टिमीटरने केली. डीसी २० व्होल्टची रेंज, लाल टोक प्लसवर, काळे मायनसवर. टोके क्लॅम्पवर न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर लावायची. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीमुळे आकडा फसवतो. गाडी काही तास बंद असावी. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज दिसतो. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी असते. माझा आकडा ११.६ होता.

अशा बॅटरीची कुठलीही परीक्षा आधी पूर्ण चार्ज केल्याशिवाय घेऊ नये. ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४ अँपिअरच्या चार्जरवर बारा तास लावले, हवा खेळती राहील अशा जागी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. चार्जर काढल्यावर पाच तास तशीच ठेवली. आकडा आला १२.४५. मग एकाला सेल्फ मारायला लावून मी मीटरकडे पाहिले. इंजिन फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इथे ते ९.३ वर आले. झाकणे उघडता येणारी बॅटरी असल्याने हायड्रोमीटरही (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावता आला. पाच सेलमध्ये १.२५ च्या आसपास आणि एकात १.१८. सेलांमधला फरक ०.०५० पेक्षा जास्त असेल तर ती बॅटरी परत उभी राहत नाही. पुन्हा पुन्हा उतरून तशीच पडून राहिली की शिशाच्या प्लेटवर सल्फेटचे कडक थर बसतात. बॅटरी मरण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे, आणि टाळता येण्यासारखे.

आता प्रश्न, ती उतरत का होती?

गाडी चालू करून मोजले. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा हवा, माझा १३.२. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून इंजिन २००० आरपीएमवर धरले तेव्हा तो १२.३ पर्यंत घसरला, म्हणजे सगळा भार बॅटरीच उचलत होती. (काही नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो. तिथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका, सगळा भार लावूनच बघा.) याउलट १५ च्या वर आकडा जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळते, पाणी आटते, बल्ब उडतात.

अल्टरनेटर उतरवण्याआधी बाहेरची कारणे काढून टाकावीत. बेल्टला चिरा किंवा चकाकी आहे का, भार टाकल्यावर तो किंचाळतो का, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला आहे का, हे आधी पाहिले. बेल्ट ठीक होता. मग सगळा भार चालू ठेवून मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड बी-प्लस बोल्टवर (जिथून करंट बाहेर पडतो) आणि दुसरे बॅटरीच्या प्लसवर लावले: ०.१५ व्होल्ट. ०.३ पर्यंत चालते, त्याहून जास्त आला तर वायर, नट किंवा मधला मोठा फ्यूज दोषी. अल्टरनेटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंतही हेच मोजायचे, तिथे ०.२ च्या आत हवे. ही दुसरी मोजणी बरेच जण सोडतात, आणि अर्थिंगची सडलेली पट्टी चांगल्या अल्टरनेटरला नाहक बदनाम करते.

वायरिंग निर्दोष निघाले. मग मीटर एसी व्होल्टवर टाकून चालू इंजिनाला पुन्हा बॅटरीच्या खुंटांवर लावला. अल्टरनेटरच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या तारांच्या वेटोळ्यात) एसी तयार होतो आणि डायोड प्लेटवरचे डायोड त्याचा डीसी करतात. सगळे डायोड ठीक असतील तर इथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसते. ०.५ च्या वर गेले की डायोडवर बोट ठेवावे. माझ्याकडे ०.९ होते. एक डायोड गेला तरी अल्टरनेटर थांबत नाही, फक्त कमी करंट देतो. म्हणूनच चार्जिंगचा लाल दिवा लागेलच असे नाही, आणि माझ्या गाडीत तो एकदाही लागला नव्हता. दिवा लागत नाही म्हणून अल्टरनेटर ठीक आहे, हे मानू नका.

रात्रीची गळती राहिली होती. बॅटरीचा मायनस क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये जोडला. दारे बंद, बॉनेटचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलेले, चावी लांब. गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात, त्यामुळे ४५ मिनिटे थांबलो. मीटर जोडलेला असताना इग्निशन लावायचे नाही, त्याचा फ्यूज उडतो. ५० मिलिअँपिअरच्या आत असले तर ठीक. इथे ३८० दिसत होते. दिवसाचे नऊ अँपिअर-अवर, म्हणजे माझ्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. एकेक फ्यूज काढून पाहिला तरी आकडा हलला नाही. मग मायनस सोडवून अल्टरनेटरची बी-प्लस वायर काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली, मीटर परत जोडून पुन्हा ४५ मिनिटे वाट पाहिली. ३० मिलिअँपिअर. प्लसकडचा डायोड गळू लागला की बॅटरीचा करंट उलटा स्टेटरपर्यंत पोचतो आणि तिथून रेग्युलेटर किंवा दुसऱ्या कमकुवत डायोडमार्गे अर्थला जातो. एकच बिघाड दिवसा चार्ज कमी देत होता आणि रात्री असलेला चार्जही पीत होता.

एक जुनी खोड इथे सांगायलाच हवी. चालू इंजिनावर बॅटरीचा क्लॅम्प काढून 'गाडी चालू राहिली, म्हणजे अल्टरनेटर चांगला' असे ठरवणे कृपया थांबवा. बॅटरी निघताच व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतो आणि इंजिनाचा संगणक जळू शकतो.

अल्टरनेटर काढताना आधी बॅटरीचा मायनस, कारण बी-प्लस वायरमध्ये करंट कायम असतो. पाना शेजारच्या धातूला टेकला की ठिणग्यांचा लोळ. बेल्ट कुठल्या पुलीवरून कसा जातो याचा फोटो काढला. खोलल्यावर फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश ५ मिमीपेक्षा कमी उरलेले निघाले, ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग मात्र गुळगुळीत होत्या आणि बेअरिंग आवाज न करता फिरत होते. म्हणून डायोड प्लेट आणि ब्रशसकट रेग्युलेटर एवढेच बदलले. स्लिप रिंगला खोल चर पडले असते किंवा बेअरिंग घरघरत असते तर त्याच अँपिअरचा पूर्ण अल्टरनेटर घेतला असता.

बॅटरी त्यानंतरच. अल्टरनेटर उतरलेली बॅटरी भरण्यासाठी नसतो; रिकाम्या बॅटरीवर तो बराच वेळ पूर्ण जोर लावतो, तापतो, आणि नव्या डायोडचेही आयुष्य खातो. त्यामुळे नवी बॅटरीही आधी चार्जरवर पूर्ण भरली. माप, प्लस कुठल्या बाजूला आहे ते आणि प्रकार तोच घेतला. स्टार्ट-स्टॉप गाडीत (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) एजीएमच्या, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या बॅटरीच्या, जागी एजीएमच लागते. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते, नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहतो. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. खुंट खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, क्लॅम्प आवळून वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. बॅटरी दाबून धरणारी पट्टी विसरू नका; हादऱ्यांनी प्लेटवरचा मसाला गळून पडतो.

चालवताना लाल दिवा लागलाच तर इंजिन बंद करू नका, एसी, ब्लोअर, काचेचा हीटर बंद करा आणि जवळची सुरक्षित जागा गाठा. मात्र त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला आहे, लगेच थांबायचे.

बसवल्यानंतरचे आकडे असे आले: आयडलला १४.३, पूर्ण भारावर २००० आरपीएमला १४.०, डायोडच्या चाचणीत एसी ०.०४ व्होल्ट, बंद गाडीतली गळती ३० मिलिअँपिअर. त्यानंतर सलग सात सकाळी सेल्फ मारण्याआधी मीटर लावला, आणि सातही वेळा आकडा १२.६ च्या खाली आला नाही.