रोमचा पहिला दिवस

पुण्याहून निघाल्यापासून रोममधल्या खोलीत पाय टाकेपर्यंत तब्बल चोवीस तास गेले आणि त्यांतले जेमतेम तीन तास आम्ही झोपलो असू. सप्टेंबर 2025 मध्ये मी आणि माझी 67 वर्षांची आई अशा दोघीच इटलीला निघालो होतो. मुंबईहून पहाटे सव्वाचारचे विमान, मग दोहाला अडीच तासांचा थांबा आणि तिथून पुढे सहा तासांचा प्रवास करून आम्ही दुपारी एकच्या सुमारास रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलो. आमच्या शरीरांच्या, म्हणजे भारतातल्या घड्याळाच्या, हिशेबाने मात्र तेव्हा साडेचार वाजले होते.

त्याच दिवशी दुपारी साडेचारची कलोसियमची तिकिटे मी पुण्यातूनच काढून ठेवली होती. त्या तिकिटांवर प्रवेशाची वेळ आणि प्रवाशाचे नाव छापलेले असते, त्यामुळे वेळ चुकली की ती वाया जातात. साडेतीन तास हाताशी आहेत, असा माझा अंदाज होता आणि तो सपशेल चुकला. पासपोर्ट तपासणीच्या रांगेतच सव्वा तास गेला. त्यानंतर सामानाच्या पट्ट्यावर आईची बॅग सर्वांत शेवटी आली. तोवर ती एका खांबाला टेकून डोळे मिटून उभी होती. तिला तसे पाहून मी कलोसियमचा नाद तिथेच सोडला.

विमानतळावरून सुटणारी लिओनार्दो एक्सप्रेस ही रेल्वेगाडी 14 युरोंत आणि 32 मिनिटांत, मध्ये कुठेही न थांबता रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्थानकावर पोहोचवते. गाडीत चढण्याआधी कागदी तिकिटावर फलाटाजवळच्या यंत्रात वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो, तो विसरला तर दंड होतो. स्थानकाजवळच सम्राट डायोक्लिशनच्या नावाच्या प्राचीन स्नानगृहांचे अवशेष आहेत आणि ‘तेर्मिनी’ हे नाव त्या स्नानगृहांवरूनच आले. हे मी आईला उत्साहाने सांगायला घेतले, पण तिची मान माझ्या खांद्यावर कलली होती.

खरी दमछाक पुढे झाली. आमचे राहण्याचे ठिकाण स्थानकापासून पाऊण किलोमीटरवर, एस्क्विलिन टेकडीच्या चढावर होते. तिथल्या गल्ल्यांमध्ये बसाल्टचे लहान चौकोनी दगड बसवलेले आहेत, त्यांना ‘साम्पिएत्रिनी’ म्हणतात. दगडांमधल्या फटींत बॅगेची चाके अडकत होती आणि दर दहा पावलांवर ती उचलावी लागत होती. त्यात भाजणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू यांचे वजन! आई मध्येच थांबली, खाली बघत म्हणाली, “अगं, हा तर आपल्या वाड्यातल्या फरशीसारखाच काळा दगड आहे.” दोन्हीकडचा दगड ज्वालामुखीचाच, हे तिला सांगताना माझाही शीण थोडा हलका झाला.

वळणावर ओतीव लोखंडाचा, कमरेएवढा उंच नळ अखंड वाहत होता. रोममध्ये असे नळ जागोजागी आहेत. खाली वळलेल्या तोटीमुळे लोक त्यांना ‘नाझोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. पाणी भरून घेणाऱ्या एका आजोबांनी न बोलता तोटीचे तोंड बोटाने दाबून दाखवले. तोटीच्या वरच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून पाण्याची कमान उसळली आणि आईने वाकून त्या धारेला तोंड लावले. पाणी गार आणि गोड होते. तिने तोंडावर पाणी मारले, पदराने चेहरा पुसला आणि पुन्हा बोट दाबले.

संध्याकाळी अंघोळी करून, दोन-दोन लाडू खाऊन आम्ही जवळच्याच सांता मारिया माज्जोरे बासिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, गेलो. कॅथलिकांचे ज्युबिली, म्हणजे पवित्र वर्ष असल्यामुळे गर्दी फार होती. एप्रिलमध्ये इथेच पोप फ्रान्सिस यांचे दफन झाले आहे. त्यांच्या थडग्यावर ‘फ्रान्सिस्कस’ एवढे एकच नाव कोरले आहे. वरच्या भिंतींवर पाचव्या शतकातली, रंगीत तुकडे जोडून केलेली बायबलमधल्या कथांची चित्रे आहेत. ती पाहायला मान वर करण्याचेही त्राण नसल्यामुळे मी फरशीवरची नक्षीच पाहत राहिले. आई मात्र बाकावर हात जोडून बसली होती आणि अर्धा तास उठायला तयार नव्हती.

रात्री साडेआठलाच आम्ही झोपलो. साडेतीनला जाग आली तेव्हा खोलीत दिवा लागलेला होता. आई अंघोळ करून, केस विंचरून खिडकीशी बसली होती. पुण्यात सात वाजले होते आणि तिला चहासाठी दूध हवे होते.